फिर्यादी दाढ

भावोजींच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते, बघणारे आणि नुसते डोळे असणारे. पहिल्या प्रकारात ते एकटेच होते. दुसऱ्या प्रकारातल्यांना ते चष्मे विकत. दुकानाच्या पाटीवर 'येथे चष्मे व भिंगे मिळतील' असं होतं, त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने 'आणि सत्य' हे शब्द रंगवले होते. कुठलंही गूढ आपल्यापुढे फार काळ तग धरत नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. शेजारच्या शिंप्याची हरवलेली कात्री त्यांनी शोधायला घेतली होती आणि ती शेवटी शिंप्यालाच सापडली, स्वतःच्या खिशात, हे मात्र ते सांगत नसत. ते सांगू शकणारा माणूस एकच, त्यांचा मेहुणा, आणि तो पडला भिडस्त.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकानात काचा घासायच्या आणि तपास निघाला की भावोजींच्या मागून टॉर्च धरून चालायचं, असा त्याचा दुहेरी हुद्दा होता. त्या सकाळी भावोजी गालाला हात लावून आत आले आणि आपल्याकडे एक गंभीर प्रकरण आलं आहे म्हणाले, तेव्हा त्याने मुकाट्याने टॉर्चचे सेल बदलले.

प्रकरण होतं भावोजींच्या डावीकडच्या खालच्या दाढेचं. मधूनच अशी कळ यायची की भावोजी बोलता बोलता थांबत, आणि हे घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून, तडा गेलेला दिसतो, काढून टाकू, असं सांगितलं. भावोजींच्या बायकोचा, म्हणजे मेहुण्याच्या ताईचा, त्यावर विश्वास बसेना. तिने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तडा मुळापर्यंत पोचला नसेल तर कॅप बसवून दाढ वाचेल, कदाचित रूट कॅनाल करावं लागेल. पण लवकर या आणि तोवर त्या बाजूने काही चावू नका. तडा वाढला तर दाढ हातची गेली.

म्हणजे निर्णय घ्यायचा होता. भावोजी निर्णय सोडून बाकी काहीही घ्यायला तयार होते. सरळ सांगायचं तर ते घाबरले होते. पण गुप्तहेर घाबरला असं म्हणत नाहीत, त्याचा तपास चालू आहे असं म्हणतात.

"दाढ ही फिर्यादी आहे," ते म्हणाले. "तिच्यावर हल्ला झालाय. हल्लेखोर मोकळा फिरतोय आणि तुम्ही फिर्यादीलाच उपटायला निघालात."

तपासाची पद्धत ठरलेली होती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात पुरावा आणि हात उरला नाही म्हणून पितळी दांड्याचं भिंग दातांत. विचार जितका खोल, तितका दांडा घट्ट. निष्कर्ष निघाला की ते भिंग तोंडातून काढत आणि आरोपीचं नाव जाहीर करत.

पहिला पुरावा म्हणजे न्याहारीच्या पावाचा चुरा. भावोजींनी तो बराच वेळ चिवडला, मग भिंग काढून "पाववाला" म्हणाले, आणि त्याच क्षणी दाढेतून कळ निघाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा उजळला.

"बघितलंस? नाव घेतल्याबरोबर फिर्यादीने आरोपीला ओळखलं."

पाववाल्याची उलटतपासणी झाली. काल पाव फार मऊ आहे म्हणून तुम्हीच परत केला होता, एवढंच त्याचं म्हणणं पडलं. मग भावोजींनी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायऱ्या रांगत तपासल्या, कारण लोकांचे दात बिघडण्यात फायदा कुणाचा, हा साधा प्रश्न होता. भिंग काढून ते "डॉक्टर" म्हणाले आणि पुन्हा कळ आली. आरोपी दोन झाले. मेहुण्याला वाटलं की आता तरी शंका येईल. भावोजींना ती आलीही, पण कटाची.

कटाचा माग स्वयंपाकघरात आला. फळीवर बदामांची बरणी होती, त्यातले बदाम ताई भावोजींना रोज सकाळी देत असे. भावोजींनी तिच्या झाकणाचं इतकं बारीक निरीक्षण केलं की दांडा कर्रकन वाजला. मग भिंग काढून त्यांनी ताईकडे बोट दाखवलं.

"सूत्रधार घरातच आहे," ते म्हणाले आणि गाल धरून खालीच बसले. एवढी कळ आजवर आली नव्हती. सावरल्यावर त्यांनी जाहीर केलं, की गुन्हा जसा घडला तसा पुन्हा घडवून बघायचा. तोच बदाम, तीच दाढ.

हा बदाम फुटला तर दाढही फुटणार होती. भावोजींनी बदाम तोंडाजवळ नेला. ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाऊन टाकला.

"पुरावा नष्ट केलास," भावोजी म्हणाले.

"अहो, आता तोंडात काही नाहीये ना? माझ्यावर परत आरोप करा बघू."

भावोजींनी केला. दुखलं नाही. पाववाल्याचं नाव घेतलं, डॉक्टरांचं घेतलं. दाढ गप्प. ताईने भिंग त्यांच्यापुढे धरलं. पितळी दांड्यावर खड्डे पडले होते, सगळे एका बाजूला.

"रोज संध्याकाळी याची लाळ मीच पुसते. हे चावून धरता आणि सोडलं की दुखतं. पितळेची ही दशा, तर दाढेचं काय होत असेल?"

मेहुणा ओशाळला. दर वेळी टॉर्च त्यानेच धरला होता, आणि नेमका त्या दांड्यावरच.

भावोजी खाली बघत म्हणाले, "ती खुर्ची आडवी होते गं."

"होते. मी शेजारी उभी राहीन."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक छोटी प्लॅस्टिकची काडी दाढेच्या एकेका कोपऱ्याखाली धरायला लावली. एका कोपऱ्यावर चावून सोडलं आणि भावोजी खुर्चीतून उडाले. तडा तिथे होता, पण वरच्या भागातच असावा, असं बाईंचं मत पडलं. आधी कॅप, दुखणं राहिलंच तर रूट कॅनाल, काढायची गरज नाही. चालेल का, असं त्यांनी विचारलं. भावोजींनी बायकोचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. मग तोंड बधिर झालं. पुढचा अर्धा तास मेहुण्याच्या नोकरीतला सगळ्यात शांत अर्धा तास होता.

कॅप बसली, दुखणं थांबलं. ताईने बुटाच्या नाडीने भिंग भावोजींच्या गळ्यात बांधून टाकलं. काही दिवसांनी शिंप्याची मापाची टेप हरवली. भावोजी धावत गेले, कापडाचे तुकडे तपासले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पाववाला."

मग थांबले. गालाला हात लावून वाट बघितली. पुन्हा एकदा "पाववाला" म्हणून बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"दुखलं नाही," ते मेहुण्याला म्हणाले. "म्हणजे मी चुकतोय."

मेहुण्याने टॉर्च बंद केला, सगळी भीड बाजूला ठेवली आणि सांगितलं की टेप शिंप्याच्या गळ्यात आहे.