मागचा हूक

"नवी सॅक घ्यायचीच, बाबा. पाच वाजता दुकानात या, मी ऑफिसातून परस्पर येते," एवढं बजावून लेकीने फोन ठेवला.

बाबांना काही ते पटलं नाही. विजेचे मीटर वाचत घरोघर फिरण्यात त्यांची नोकरी सरली होती, आणि सुट्टी मिळाली की ते बायकोबरोबर डोंगर गाठायचे. ती जाऊन दीड वर्ष झालं. उद्या लेकीबरोबर खिंडीत जायचं होतं, बायकोशिवाय पहिल्यांदाच. आणि तिनेच टाके घालून चोवीस वर्षं टिकवलेली सॅक टाकून द्यायची?

सॅक अजून भार पेलते हे सिद्ध करायला त्यांनी तिच्यात बायकोची लोखंडी इस्त्री, पाण्याच्या चार बाटल्या आणि मासिकांचा गठ्ठा भरला. सॅक पाठीवर चढवून छातीवरचा पट्टा लावला. टक्.

"बघ, एक टाका हलला नाही!" ते कोपऱ्यातल्या शिलाई मशीनला म्हणाले.

मग पट्टा सुटेना.

क्लिपवर बायकोने जाड कापड शिवलं होतं. बोटं आत जाईनात. डोंगरात ती मागे उभी राहायची, "हलू नका हो," म्हणायची आणि पट्टा सुटायचा. कसा, ते बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं लक्ष पुढच्या वाटेवर.

शेवटी त्यांनी शेजारच्या रिटायर्ड नर्सबाईंची बेल वाजवली.

"एवढंच ना? तेल लावलं की सगळं सुटतं," बाई म्हणाल्या. तेलाने सुटलं काहीच नाही, शर्ट मात्र भिजला. निदान सामान तरी काढू म्हणून बाईंनी तेलकट हातांनी सॅकच्या तोंडाची दोरी ओढली, ती नेमकी उलटी. तिथेही गाठ बसली.

"कात्री आणते."

"खबरदार! टाके तिचे आहेत," म्हणत बाबा इस्त्रीसकट जिना उतरले.

दुकानदाराने घामाघूम, तेलकट, वाकलेला म्हातारा पाहिला आणि आदराने पाणी पुढे केलं. "मोठा ट्रेक झालेला दिसतोय, काका. कुठून आलात?"

"दुसऱ्या मजल्यावरून."

सगळी हकिगत ऐकून त्यानेही कात्रीच काढली. "एका सेकंदाचं काम आहे, काका. तशीही नवी घेताय ना!"

बाबा दोन्ही हातांनी पट्टा धरून मागे सरकत सरकत तंबूंच्या ढिगाला टेकले. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो, थांबा!"

लेक होती. तिने बाबांच्या डाव्या खांद्यामागे हात घातला. "हलू नका हो." खट्. सॅक सुटली ती थेट दुकानदाराच्या पायावर. त्याच्या बुटांची मजबुती तिथल्या तिथे सिद्ध झाली.

"मागे हूक आहे. आईने शिवलेला," लेक म्हणाली.

"मागे? माझा हात कसा पोचणार तिथे?"

"पोचू नये म्हणूनच. तुम्ही पहिल्याच झाडाखाली सॅक टाकायचात आणि शिखर बघायला एकटेच पळायचात. आई म्हणायची, निदान ओझं उतरवायला तरी माझ्यासाठी थांबतील."

"मला कधी बोलली नाही!"

"बोलली असती तर वाटेत भेटेल त्याच्याकडून काढून घेतली असतीत."

हे मात्र खरं होतं. बाबा तेलकट पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले.

लंगडत लंगडत दुकानदाराने एक निळी सॅक आणली. "ही बघा, काका. एका बोटाने सुटते. कुणाची मदत लागत नाही."

"मग काय उपयोग?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या झाडाखाली बाबा सवयीप्रमाणे सगळ्यांत आधी पोचले. लेक खाली ठिपक्याएवढी दिसत होती. पाठीवरच्या जुन्या सॅकमुळे नीट बसता येत नव्हतं. शिखर समोरच होतं. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि उभ्या उभ्याच वाट बघत राहिले.