आंब्यावरची पैठणी

सायंकाळी पाचला नातवाचा साखरपुडा, आणि नातसुनेला नेसवायची पैठणी सकाळी दहाला आंब्याच्या झाडावर! शेवंतीबाई राणे यांच्या घरात असा बेशिस्तपणा आजवर घडला नव्हता. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून त्यांनी स्वहस्ते ती गॅलरीत घातली, आणि बोरीवलीच्या वाऱ्याने ती सोसायटीमागच्या झाडाला नेसवली.

झाडाचे खोड राज्य सरकारी कार्यालयाच्या आवारात होते. फांद्या भिंत ओलांडून केंद्र सरकारी कार्यालयात डोकावत होत्या.

"आजी, फांदी केंद्राची. आम्हाला हात लावता येत नाय," राज्याचे काशीराम म्हणाले.

"मूळ राज्याकडे आहे ना? त्यांची एनओसी आणा. पंधरा दिवसांत होईल," केंद्राचे सहदेव म्हणाले.

"पंधरा दिवसांत पोर नांदायला लागेल माझ्याकडे!"

तिसऱ्या फेरीनंतर नातू सिद्धेश कुजबुजला, "आजी, वाट लागली. दुकानातून दुसरी घेऊया ना."

शेवंतीबाईंनी मान झटकली. राण्यांच्या तीन पिढ्यांच्या सुना त्याच पैठणीत उंबरठा ओलांडून आल्या होत्या. शिवाय दर मे महिन्यात याच झाडाच्या आंब्यांवरून दोन्ही कार्यालयांत जुंपणारे भांडण त्यांनी गॅलरीतून वर्षानुवर्षे ऐकले होते.

"मग एवढंच लिहून द्या," त्या अतिशय नम्रपणे दोघांनाही म्हणाल्या, "की हे झाड तुमच्या अखत्यारीत नाही."

जबाबदारी टळते आहे म्हटल्यावर दोघांनीही आनंदाने लिहिले, वर शिक्केही मारले. ते दाखवून सिद्धेशने मधल्या भिंतीला शिडी लावली आणि पैठणी अलगद उतरवली.

"आता पिकलेले आंबे," बाईंनी खालून आज्ञा केली.

दोन्ही कार्यालयांतून एकदम आरोळी उठली. "आजी, आंबे आमचे!"

"झाड कोणाचंच नाही, बाबांनो. हा तुमचा शिक्का, आणि हा तुमचा. संध्याकाळी रस खायला या."

दोघेही आले आणि जन्मात प्रथमच एका पंगतीला शेजारी बसले. होणारी नातसून पैठणीत झळकत होती.

"आजी, अजून वाटीभर मिळेल?" सहदेवांनी विचारले.

"स्वयंपाकघर सुनेच्या अखत्यारीत आहे. तिला विचारा."

आतून सुनेचा, म्हणजे सिद्धेशच्या आईचा, मृणालिनीचा आवाज आला, "रस संपला, आई! उरलेले आंबे तुमच्या कपाटात आहेत, आणि किल्ली तुमच्या कमरेला!"

काशीराम आणि सहदेव यांनी रिकाम्या वाट्या हातात धरून, प्रथमच एकमताने, शेवंतीबाईंकडे पाहिले.

बाईंनी घसा खाकरला. मग सून घरात आल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कमरेची किल्ली काढली आणि आत जाऊन तिच्या हातात ठेवली.

"राहू दे तुझ्याकडेच. दर वेळी मला विचारत बसू नकोस."