दोन्ही बाजूंचे फणसेभिया

आमच्या स्टुडिओतले फणसेभिया, म्हणजे इकडच्या बोलीत फणसेभाऊ, बोलता बोलता मधेच हात पुढे करून समोरच्याचा अर्धा चेहरा झाकतात. मग दुसरा अर्धा झाकतात आणि समाधानाने म्हणतात, "देखा? दोन वेगळी माणसं आहेत." साहेबांच्या बायकोलाही त्यांनी सोडलं नाही.

आम्ही जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर थ्रीडी माणसं बनवतो. या धंद्यात बहुतेक जण अर्धाच चेहरा घडवतात आणि एक बटण दाबून आरशासारखा दुसरीकडे उमटवतात. भिया मात्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या घडवणार. दुप्पट वेळ लागतो आणि टीम लीडर म्हणून बोंब माझ्या नावाने! मी ओरडलो तर म्हणणार, "आधा आदमी बनाना हो, तर मला सांगू नको भिया," आणि पोहे खायला परदेशीपुऱ्यात जाणार. वर शेव, जिरावण मसाला आणि दोन तास गायब. कामात मात्र बाप माणूस, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

गेल्या महिन्यात पापडाच्या जाहिरातीसाठी एक आजी हवी होती. भियांची आजी बघून मी गारच झालो. आता पदर खोचून पापड लाटायला बसेल, इतकी खरी. पण तोंड डावीकडे ओघळलेलं, डावा डोळा अर्धा मिटलेला. पापडवाले म्हणाले, चेहरा सरळ करून संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर काम दुसरीकडे देतो. काम गेलं असतं तर आमच्यातल्या दोघांना घरी बसावं लागलं असतं. मी भियांना समजावलं, हात जोडले, शेवटी चिडलो. भिया ढिम्म. उठले आणि पोह्यांना गेले.

मग मीच त्यांच्या खुर्चीत बसलो आणि ते बटण दाबलं. उजवी बाजू डावीकडे उमटली. आजी दोन्ही गालांनी हसली. पाठवली, तासाभरात पास झाली.

भिया परतले आणि स्क्रीनकडे बघत उभेच राहिले. मी भांडायच्या तयारीत होतो, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

"आई आहे ती माझी," ते म्हणाले. "लकवा झाला होता. जाईपर्यंत नऊ वर्षं ती डावी बाजू मीच पुसायचो."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. कसाबसा म्हणालो, "माफ करा भिया, जुनी फाइल आहे. आत्ता परत आणतो."

त्यांनी माऊसवरचा माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे ना," ते म्हणाले. "बरी झालीये."