पुढून झिजलेल्या चपला

बाईंनी नवऱ्याच्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाच जवळजवळ कोरी, अंगठ्याखालचं रबर मात्र कागदासारखं पातळ. जमिनी मोजण्यात उभी नोकरी काढलेल्या या सर्व्हेअरच्या चपला जन्मभर टाचेतून झिजत आल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघाले तेव्हाही ते पुढे, आणि बाई मागून "अहो, थांबा की जरा" करत. आता त्यांचे पाय फरशीला चिकटायचे आणि थांबावं लागायचं बाईंना.

मेंदूत पाणी साठलंय, असं सर्जननी सांगितलं होतं. पाठीतून थोडं काढून पाहिलं, तर त्या संध्याकाळी सर्व्हेअर दवाखान्याच्या व्हरांड्यातून असे सुटले की मागे बाईंना धाप लागली. पण तो गुण टिकला नाही. मग पाणी कायम पोटात सोडणारी नळी बसवायची ठरली, आणि पर्याय पुढे आले. नळी डोक्यातून पोटात की कमरेतून पोटात? झडप कायम एकाच दाबाची, की बाहेरून लोहचुंबकानं जुळवता येणारी? मणके झिजलेले, म्हणून सर्जनचा कल डोक्याकडे होता. सर्व्हेअर बाईंना म्हणाले, शाळेत विज्ञान तुम्ही शिकवलंत, तुम्हीच ठरवा. बाई महिनोन्‌महिने वाचत राहिल्या. कवटीला भोक पाडायची गोष्ट आली की पान उलटायच्या.

शेवटी त्यांनी प्रयोग मांडला. फळीवर बादली म्हणजे डोकं, तिच्यातून आलेली नळी, आणि नळीला कपड्यांचा चिमटा म्हणजे झडप. नळीचं तोंड बादलीइतकं उंच धरलं की माणूस झोपलेला, खाली आणलं की उभा. उभ्या माणसाचं पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जातं, हे त्या दाखवणार, तोच आतल्या खोलीत फोन वाजला. मुलीचा होता. नळी सर्व्हेअरांच्या हातात देऊन, वरच धरा असं बजावून त्या गेल्या.

हात भरून आला तशी नळी खाली येत गेली, म्हणजे माणूस हळूहळू उभा राहिला. चिमटा उडून पलीकडे पडला.

"बाई, जास्त निचरा होतोय," सर्व्हेअर शांतपणे म्हणाले.

"अगदी बरोबर," बाई आतून म्हणाल्या. विद्यार्थी तयारीचा निघाला, असं त्यांनी मुलीला कौतुकानं सांगितलं आणि बोलणं चालू ठेवलं.

"फारच होतोय."

"हो, म्हणून तर जुळवता येणारी हवी."

उत्तर पाठ झालंय म्हणून त्या खूश होत्या, तेवढ्यात पाणी त्यांच्या तळव्यांना लागलं.

फोन कानाला तसाच धरून त्या बाहेर आल्या. सर्व्हेअर भर पाण्यात नळी धरून उभे होते. चिमटा त्यांच्यापासून एका पावलावर पडला होता.

"अहो, उचलायचा ना!"

"निघालो होतो," ते ओशाळून हसले. "पाय आला नाही."

बाईंना हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. त्यांनी चिमटा उचलून नळीला लावला. फोनमधून मुलगी विचारत होती, काय झालं, बाबा कुठेत.

"इथेच आहेत, माझ्या पुढे उभे," बाई म्हणाल्या. "उद्या सर्जनना कळव. डोक्यातूनच घाला म्हणावं, जुळवता येणारी."