आज्याच्या उशाचा दगड

बायकोला विचारायचं नाही, सरकारला विचारायचं, एवढंच भीमराजनं ठरवलं आणि तिथंच घोळाला सुरुवात झाली.

निघोज्याच्या अलीकडच्या त्याच्या गावात जुनी दफनभूमी सपाट करून भोवती भिंत घालायची होती. ग्रामसेवकानं फोनवर सांगितलं, "सोमवारी जेसीबी येतोय. आपल्या माणसाची जागा दाखवाल, तर तेवढी राखून कठडा बांधू." भीमराजचा आजा सोनबा तिथंच पुरलेला. खांद्यावर बसवून त्याला चाकणच्या बाजाराला नेणारा आजा. तो काय जेसीबीखाली जाऊ द्यायचा?

"आत्याबाई सांगायच्या मला," त्याची बायको जाईबाई सासूची आठवण काढत, भाकरी थापता थापता म्हणाली, "की आज्याच्या उशाला..."

"तू गप. हे कागदाचं काम हाय."

(चौथीतून शाळा सोडून कंपनीत हेल्पर लागलेला हा माणूस. पण रिटायर झाल्यापासून कागदावर त्याचा भलताच जीव.)

मोजणी ऑफिसात त्यानं गाव नकाशाची नक्कल मागितली. मोजणीदार दिपाली मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, नकाशात दफनभूमी सापडेल. तुमचे आजोबा नाही सापडायचे."

"तुमी नकाशा द्या, आज्याचं मी बघतो."

"शनिवारी मी तिकडंच येतेय हद्दीच्या कामाला. तोवर थांबा."

थांबेल तो भीमराज कसला! शनिवारी सकाळीच पिंपरीहून बस बदलत दोघं गावाला पोचली. नकाशा उलटा धरून, सुलटा धरून, शेवटी आडवा धरून भीमराज गवतातून फिरला आणि कोपऱ्यात एकदम ओरडला, "घावला!"

चौकोनी, ताठ, चुना लावलेला दगड. वर बाण कोरलेला.

"बघ! डोकं कुठल्या अंगाला हाय ते पण खोदून ठिवलंय."

"आवं, पण ह्यो तर नवा दिसतोय," जाईबाई म्हणाली. "चुना हाताला लागतोय."

"आमच्या घराण्यात वस्तू नीट ठिवत्यात! तुज्या म्हायेरासारखं न्हाई. जा, त्या लिंबाखाली दगडावर बस जा. मधी बोलू नगं."

जाईबाईचे गुडघे तसेही बोंबलत होते. ती जाऊन बसली.

भीमराजनं दगड धुतला, हार घातला, मेणबत्ती लावली. खणखणीत आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग दगडावर तळवा टेकवला. "आज्या, उशीर झाला रं. तुझा भीमा आलाय. आता तुला कुनी हलवनार न्हाई."

"हलवायचा नाहीच आहे तो," मागून आवाज आला. दिपाली मॅडम उभ्या होत्या. "आजोबा, हद्दीचा दगड आहे हा. परवाच आम्ही रोवलाय. हार कुणाला घातलाय?"

भीमराजनं दगडाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, पांढऱ्या झालेल्या तळव्याकडं बघितलं. तो तिथंच फतकल मारून बसला. सोमवारचा जेसीबी त्याला आत्ताच ऐकू यायला लागला.

"मग आमचा आजा कुठं हाय वो?" हा आवाज त्याचा वाटतच नव्हता.

तेवढ्यात लिंबाखालून किंकाळी आली. "आगं बया बया!"

जाईबाई उठून उभी होती, पदर डोक्यावर, हात जोडलेले. तिच्यामागचा दगड वाटोळा होता. अर्धा फुटलेला, मधोमध भोक, अंगभर छिन्नीचे बारीक घाव.

"उठताना हात टेकला तर खरखरीत लागलं! आत्याबाई ह्येच सांगायच्या. सोनबा गावच्या जात्यांना टाकी लावायचा, छिन्नीनं घाव पाडून द्यायचा, म्हणून त्याच्याच हातची जात्याची फुटकी तळी उशाला ठिवली. आन मी आजेसासऱ्याच्या उशाला बूड टेकून बसले वो!"

भीमराज रांगतच तिथवर गेला. घावांवरून बोटं फिरवली. खाली मातीत उंचवटा होता, गवतानं झाकलेला. बराच वेळ तो काही बोलला नाही. (जाईबाईनं नंतर सांगितलं, लग्नापासून पहिल्यांदाच.) मग उठून त्यानं हार तिकडून काढून इकडं आणला.

दिपाली मॅडमनी जागेचं माप घेतलं, लिंबापासूनचं अंतर टिपलं. सोमवारी कठड्याची आखणी इथंच होणार होती. पेन वर करून त्यांनी विचारलं, "पंचायतीला कळवायचंय. जागा कुणी शोधली?"

भीमराजनं छाती पुढं काढली. तोंड उघडणार, तेवढ्यात जाईबाई म्हणाली, "जाईबाईनं, लिवा."

"आणि कशी शोधली?"

"बसून. ह्येंच्याच सांगन्यावरनं."