मावशीचं पासिंग

"या वेळी काही म्हणजे काही चुकणार नाही," असं जाहीर करून लाँड्रीवाल्याने सतरा कलमांची यादी इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली.

बायको कॉलरवर इस्त्री फिरवत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "मागच्या वेळी किती कलमं होती?"

"बारा."

"मग या वेळी पाच गोष्टी जास्त चुकतील."

पासिंग, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, होती मावशीची. मावशी म्हणजे लाँड्रीचा टेम्पो. त्यातलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन लाँड्रीवाल्याहून दोन वर्षांनी मोठं. सुरू होताना ती खोकायची, चढावर कण्हायची आणि थांबताना सगळं अंग हलवून निषेध नोंदवायची, म्हणून मावशी. दवाखान्याच्या चादरी रोज तिच्याच पोटातून जायच्या. पासिंगची मुदत महिनाअखेरीस संपत होती. पास झाली तर आणखी एक वर्ष निभावेल. नाही झाली तर मावशी भंगारात आणि चादरी डोक्यावर.

त्यातून घरात अबोला. लाँड्रीवाल्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ते इंजिन आजवर तीनदा स्वतःच्या हातांनी उघडून पुन्हा बांधलं होतं. चार दिवसांपूर्वी चहा पिताना लाँड्रीवाला सहज म्हणाला, "नाही झाली पास तर नाही झाली. त्या म्हाताऱ्या जिवाला किती दिवस ओढायचं?" अप्पांनी कप खाली ठेवला, तो अबोलाच. म्हातारा जीव हा शब्द त्यांनी नेमका कुणाच्या खात्यात धरला, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून तिघं एकाच खोलीत असले, तरी बापलेकांचं बोलणं सुनेमार्फत चाले.

"सूनबाई, ब्रेक बघितलेत का, विचार त्याला."

"अहो, ब्रेक बघितलेत का?"

"सांग त्यांना, बघितले. तिसरं कलम."

"अप्पा, बघितलेत म्हणे."

"ऐकलं मी. बहिरा झालो नाही अजून."

नववं कलम होतं इंजिनातलं तेल. तेल किती आहे ते बघायची पट्टी इंजिनात खोचलेली असते आणि तिच्यावर दोन खुणा असतात. मावशीच्या पट्टीवरच्या खुणा पुसून कैक वर्षं झाली होती. ती पट्टी अंगठ्याने वाचणारा घरात एकच माणूस होता आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं. लाँड्रीवाल्याने पट्टी काढली, उजेडात धरली, ज्योतिष्याकडे हात दाखवणाऱ्यासारखं तोंड केलं आणि काहीच न कळल्यामुळे एक लिटर तेल ओतून टाकलं. कमी पडायला नको. तेलाचा डबा वाटला होता त्यापेक्षा हलका लागला खरा. पण यादीत डब्याच्या वजनाचं कलम नव्हतं.

सहावं कलम होतं टेम्पो रिकामा करणं. गाठोडी, चादरी, पुसायची फडकी, सगळं बाहेर. मावशी नव्या नवरीसारखी लखलखीत झाली. आणि तेवढ्यात बायको हँगरला लावलेला एक करडा कोट घेऊन आली.

"हा कुणाचा?"

"तपासणीच्या साहेबांचा. उद्या बढतीची मुलाखत आहे त्यांची. आज द्यायचं कबूल केलंय. जातोच आहोत तर देऊन टाकू."

लाँड्रीवाल्याने दाराकडे पाहिलं. "पासिंगच्या आधी साहेबांच्या हातात कोट ठेवायचा? लोक काय समजतील?"

"त्यांचाच कोट आहे, अहो!"

"ते आपल्याला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत?"

शेवटी असं ठरलं, की आधी निकाल आणि मग कोट. तोवर कोट सीटमागच्या खिळ्याला उलटा टांगायचा, म्हणजे कुणाला ओळखू येणार नाही.

अप्पाही निघाले. कुणी विचारलं नव्हतं. मागच्या रिकाम्या फळीवर हाताची घडी घालून ते बसले. वाटेत त्यांचा आवाज आला, "सूनबाई, मावशीचा आवाज आज जड येतोय. सांग त्याला."

"सांग त्यांना, माझ्या छातीचा असेल," लाँड्रीवाला म्हणाला.

तपासणीच्या आवारात साहेब हातात फळी आणि कागद घेऊन उभे होते. दिवे, हॉर्न, ब्रेक, सगळ्यांपुढे एकेक बरोबरची खूण पडत गेली. लाँड्रीवाल्याच्या मानेतली एकेक गाठ सुटत गेली. साहेब खिडकीशी आले. "झाकण उघडा. आता रेस द्या, धूर बघायचाय."

मावशीचं इंजिन दोन सीटांच्या मधेच झाकणाखाली होतं. लाँड्रीवाल्याने झाकण काढलं आणि पाय दाबला. मावशी गरजली. साहेबांनी मान डोलावली. "पुरे."

लाँड्रीवाल्याने पाय उचलला. मावशी थांबली नाही.

उलट आवाज चढला. आणखी चढला. लाँड्रीवाल्याने इंजिन बंद करायची मूठ ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, तर मूठ हातात आली. मागून निळसर पांढरा धूर असा निघाला, की आवारातली रांग दिसेनाशी झाली. मावशी थडथड उडायला लागली. कुणीतरी म्हणालं, फुटणार. ते ऐकून सगळे मागे सरले. साहेब मात्र कानांवर हात ठेवून जागीच खिळले होते.

"गिअर टाकून ब्रेक दाबून बंद करू का?" लाँड्रीवाला ओरडला. पण पुढे दोन हातांवर साहेबांची स्वतःची मोटार उभी होती.

अप्पा पुढे धडपडत आले आणि चार दिवसांत पहिल्यांदा थेट मुलाशी बोलले, "गाढवा, मूठ काय ओढतोस! डिझेल नाही, ती पोटातलं तेल जाळतेय. तिची हवा बंद कर! ती हवेची नळी उपट आणि तोंडात कापड कोंब!"

लाँड्रीवाल्याने नळी उपटली. कापड? गेली पंचवीस वर्षं जो माणूस कापडात बुडालेला होता, त्याला त्या क्षणी एक चिंधी सापडेना. सहावं कलम! हात मागे गेला, लागलं ते ओढलं आणि दोन्ही मुठींनी इंजिनाच्या नरड्यात कोंबलं. मावशीने एक बाही काखेपर्यंत गिळली, उचकी दिली, थरथरली आणि गप्प झाली.

इतकी शांतता झाली, की हँगर खाली पडल्याचा आवाजही ऐकू आला.

साहेबांनी कानांवरचे हात हळूच काढले. वाकून इंजिनाकडे पाहिलं. "तो कोट..."

लाँड्रीवाल्याचं डोकं पार रिकामं झालं होतं. दिवसातून चाळीसदा म्हणायचं वाक्य तेवढं तोंडातून निघालं. "पावती आणलीत का?"

पुढचं फार लांबवत नाही. साहेब माणूस भला. त्यांनी नापास केलं नाही. 'तपासणी पूर्ण होऊ शकली नाही' असं लिहिलं, कारणाच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून थांबले, तो कोराच सोडला आणि महिन्याची शेवटची तारीख दिली.

मावशीला दोरी बांधून घरी आणलं. अप्पांनी खालचा नट सोडला. इंजिनात मावतं चार लिटर. जळलं ते सोडून, परातीत आणि बादलीत मिळून निघालं जवळजवळ सात.

तिघं ते तेल बघत उभे राहिले.

"मी एकच लिटर ओतलं," लाँड्रीवाला म्हणाला. "नववं कलम."

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही यादी करता आणि नेमकं तेच विसरता. म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी... एकच लिटर."

दोघांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा नटाकडे बघत राहिले. "मी पहाटे बघितलं होतं. पट्टीप्रमाणे बरोबर होतं."

"मग?"

"मग काय. परीक्षेला निघालेली. म्हटलं, पोटभर असू दे."

लाँड्रीवाल्याने खाली बसून अप्पांच्या हातातला पाना घेतला आणि तो नट आवळू लागला. "अप्पा, त्या दिवशी जे बोललो ते..."

"उलटा फिरवतोयस," अप्पा म्हणाले. तेवढ्यावर अबोला मिटला.

कोट बायकोने सात पाण्यांतून काढला, बाही उसवून पुन्हा शिवली. काखेतला एक डाग काही गेला नाही. कोट देताना तिने साहेबांना सात लिटरांची आणि अप्पांच्या अंगठ्याची सगळी हकीकत सांगून टाकली. साहेब म्हणे मुलाखतभर डावा हात अंगाशी चिकटवून बसले होते. बढतीचं काय झालं, ते विचारायला लाँड्रीत कुणी तयार नव्हतं.

अप्पांनी चार लिटर तेल मोजून घातलं आणि तिघांनी शपथ घेतली, की पासिंग होईपर्यंत तेलाला कुणी शिवायचं नाही. तिघांनीही ती पाळली. काटेकोर पाळली. मावशी मात्र तिच्या वयाला साजेसं रोज थोडं थोडं तेल पीत राहिली आणि शेवटच्या तारखेला, आवाराच्या फाटकातून आत शिरताना, तिचा तेलाचा लाल दिवा लागला.

लाँड्रीवाल्याने घाबरून मावशी तिथेच बंद केली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोने पर्समधून तेलाची बाटली काढली. लाँड्रीवाल्याने सीटखालून एक काढली. अप्पांनी जरा वेळाने सदऱ्याच्या आतून तिसरी काढली. पण ओतायला एकाचाही हात पुढे होईना.

साहेब तरातरा आले. तोच करडा कोट, डावा हात अंगाशी. तीन बाटल्या आणि तीन तोंडं पाहून ते काय समजायचं ते समजले.

"सगळ्या इकडे द्या," ते म्हणाले. "एकच माणूस ओतणार. मी. अप्पांनी फक्त पट्टी वाचायची."

साहेबांनी जपून, घोट घोट ओतलं. पट्टी बाहेर काढली. तेल ठिबकत होतं.

"पुसायला काही आहे का?" त्यांनी विचारलं.

टेम्पो रिकामा होता. सहावं कलम. तिघांची नजर एकदमच साहेबांच्या कोटाकडे गेली आणि साहेब पट्टी तिथेच टाकून, कोट दोन्ही हातांनी घट्ट धरून, चार पावलं मागे सरले.