कुंदाबाईंच्या एकशे आठ प्रदक्षिणा

नेमधर्मात कुंदाबाईंना हरवील असं माणूस अख्ख्या केळीच्या पट्ट्यात जन्माला आलेलं नव्हतं! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... तीस वर्षांत एक उपास मोडला नाही. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी "तीन महिन्यांत साखरेचे हे आकडे उतरले नाहीत तर उपास कायमचे बंद" असं बजावलं, तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"पण साहेब, मी तर उपाशीच असते हो!"

"उपासाला खाता काय?"

"काही नाही. थोडी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, चार केळी..."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अक्का, वजन चौऱ्याऐंशी! ही पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. रिकामटेकड्या भाऊबंदासारखी कुरापती काढते. रक्तात नाही नाही ते हार्मोन्स सोडते, मग इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही. साखर चढली, कोलेस्टेरॉल चढलं, उद्या हृदयावर येईल. गोळ्या घ्या, साबुदाणा सोडा आणि रोज तासभर चाला."

चालायचं? बिनकामाचं? गाव काय म्हणेल! बाईंनी नामी युक्ती काढली. देवीच्या मंदिराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा, त्याही मौन पाळून. नेम तो नेम, चालणं ते चालणं!

तिसऱ्याच दिवशी शेजारच्या बेबाबाईने पारावरून हटकलं. "काय व अक्का, कशाचा नवस?"

मौन कसं मोडणार? बाईंनी खुणेनं सांगितलं. पोटावर हात फिरवला, छातीवर ठेवला आणि देवीकडे बघून हात जोडले.

बेबाबाईने आ वासला. "माय व माय! या वयात?"

बाईंनी जोरात मान डोलावली. याच वयात तर होतो हा आजार!

संध्याकाळपर्यंत बातमी रावेरला पोचली. केळीची गाडी भरताना लोकांनी बाईंच्या नवऱ्याला, उखर्डूभाऊंना, उचलूनच घेतलं. भाऊ धापा टाकत घरी आले. "अव, मले कोणी सांगेल का काय झालं ते?" सून नूतन हसून हसून ओट्यावर आडवी!

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरोघर जाऊन खुलासा केला. पण त्यांचा आवाज इतका हळू, की "लाजते बिचारी," एवढाच अर्थ निघाला. धुळ्याहून वहिनी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर! बाईंनी डबा देवीपुढे ठेवला आणि केळी तोडणाऱ्या मजुरांना वाटून टाकला. एक कण तोंडात घातला नाही! अवघडलेल्या बाईने एवढं फिरू नये म्हणून बेबाबाईने प्रदक्षिणेच्या वाटेत खुर्ची मांडली. बाई खुर्चीलाही वळसा घालून चालू लागल्या. चार पावलं जास्तच!

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून पावणेसातवर! कोलेस्टेरॉल उतरलं. वजन सहा किलोंनी कमी! अक्का, उपास करा खुशाल, फक्त साबुदाण्याविना. आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

बाईंनी तिथेच, दवाखान्यात, देवीला हात जोडले. उखर्डूभाऊंनी पेढे घेतले. एसटी पारापाशी थांबायच्या आत त्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि बोंब ठोकली, "जिंकलो रे! सहा किलो! सहा किलो!"

बेबाबाई मटकन पारावर बसली. "सहा किलोचं! आणि बाई पाहा, आपल्या पायांनी उतरते!"